मोळी आणि आंघोळ



पदवीधरांनो, तुमचं अभिनंदन. पालकांचंही, कारण फी त्यांनी भरली. हा उपचार इथंच संपवतो आणि ज्या पुस्तकाबद्दल आम्ही मराठीचे मास्तर पिढ्यान्‌पिढ्या अर्धंच सांगत आलो, त्याच्याकडे वळतो. पुस्तक तुम्हाला ठाऊक आहे. साने गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात ते पाच दिवसांत लिहिलं आणि १९३५ साली ते छापून आलं. ‘श्यामची आई’ म्हटलं की रुमाल निघतात. आमच्या धंद्यानं या पुस्तकाचं काय केलं असेल, तर डोळ्यांतून पाणी काढायचं यंत्र. वर्गात रडवायचं आणि परीक्षेत ‘शीर्षकाची समर्पकता स्पष्ट करा’ असं विचारायचं. अत्रे यांच्या १९५३ च्या चित्रपटाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, तेव्हापासून तर हे रडणं अधिकृतच झालं. रडण्याला माझी हरकत नाही. पण डोळे पाण्यानं भरलेले असले की समोरचं अक्षर नीट दिसत नाही, आणि या पुस्तकात दोन प्रसंग असे आहेत की ते कोरड्या डोळ्यांनी शेजारी शेजारी ठेवून वाचायला हवेत.

पहिला सर्वांच्या तोंडी असलेला. न्हालेला श्याम ओल्या पायांना माती लागेल म्हणून हटून बसतो, आई दगडावर आपले ओचे पसरते, आणि पायांना जपतोस तसं मनालाही जप, असं सांगते. दुसरा प्रसंग मोळीचा. एका महार म्हातारीच्या डोक्यावरून लाकडांची मोळी खाली पडते. इथं गोव्यात भारो म्हणतात, तीच. मोळीचा एक नियम असतो, आणि तो ज्यांनी कधी ती वाहिली नाही त्यांच्या ध्यानात येत नाही. मोळी एकटीनं खाली टाकता येते, एकटीनं डोक्यावर चढवता येत नाही. खाली चुंबळ सावरायची आणि वर ओझं तोलायचं, याला दुसऱ्या माणसाचे हात लागतातच. म्हणजे अस्पृश्यता हा नुसता मानापमानाचा मामला नव्हता. रस्त्यानं जाणारा माणूस हात लावत नाही, एवढ्यानं एका बाईचं त्या दिवसाचं जेवण रस्त्यात पडून राहत होतं. आई श्यामला पाठवते. जा, मोळी उचलून दे, आणि घरी येऊन आंघोळ कर.

पहिल्या प्रसंगात आई शिकवते की पायांच्या मळापेक्षा मनाचा मळ वाईट. दुसऱ्यात तीच आई चांगल्या कामाहून परतलेल्या मुलाला अंग धुवायला लावते. मग मळ कुठं लागला होता? पायाला नाही, मनाला तर नाहीच. लागला होता तो गावाच्या नजरेत, आणि आंघोळ त्या नजरेसाठी होती. श्यामचा निरागसपणा आम्ही वर्गात फार गोंजारला. पण मूल निरागस असतं याचा अर्थ एवढाच की त्याला अजून कुणी भिंत दाखवलेली नसते. आणि त्या आंघोळीनं, अत्यंत प्रेमळ हातांनी, श्यामला भिंत दाखवली. दुष्ट माणसानं शिकवलेला भेदभाव पुढं विसरता येतो. आईनं प्रेमानं शिकवलेला काढायला जन्म जातो.

यावर कुणी म्हणेल, कोकणातल्या गरीब बाईला आजच्या फुटपट्टीनं मोजणं अन्याय आहे. आक्षेप वजनदार आहे, म्हणून त्याला भावनेनं नाही, तारखांनी उत्तर देतो. जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला तो १८६८ साली, म्हणजे श्यामच्या, अर्थात खुद्द गुरुजींच्या, जन्माच्या एकतीस वर्षं आधी. तेव्हा ‘काळच तसा होता’ हे अर्धसत्य आहे. काळात दोन्ही प्रकारची माणसं होती. पण मी आईला दोष देत नाही. तिनं मुलाला पाठवलं, हेच त्या गल्लीत बंड होतं. मोळी कुणी उचललीच नसती तर पुढं बोलायला काही उरलंच नसतं. माझा मुद्दा तिच्यानंतरचा आहे. गुरुजी नाशिकच्या तुरुंगात हा प्रसंग लिहीत होते तेव्हा त्याच शहरात काळाराम मंदिराच्या दारासाठी अस्पृश्यांचा सत्याग्रह १९३० पासून चालू होता आणि दार बंदच होतं. पुस्तक ज्या वर्षी आलं, त्याच वर्षी ऑक्टोबरात येवल्याला आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. मोळीला हात लावून घरी आंघोळ करणारी सहानुभूती समोरच्या माणसाला पुरत नव्हती, हे त्यानं स्वतःच सांगून टाकलं होतं. आणि गुरुजींनी ते ऐकलं, याचा पुरावा पुस्तकात नाही, पंढरपुरात आहे. १ मे १९४७ ला ते विठ्ठलाचं देऊळ हरिजनांना खुलं व्हावं म्हणून उपोषणाला बसले, आणि देऊळ उघडलं. आई जिथं थांबली होती तिथून मुलगा पुढं गेला. आईचा ‘सुपुत्र’ तो या अर्थानं. आम्ही मात्र शिकवतो ते आईचं ऐकण्याचं पुस्तक म्हणून.

दुसरा आक्षेप शिक्षकांच्या खोलीत हमखास येतो: लहान मुलांना हे कशाला, त्यांचं बालपण कशाला नासवायचं? प्रश्न असा आहे की कुणाचं बालपण? श्यामच्या वयाचा भीमराव साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर बसत होता आणि शिपाई आला नाही तर तहानलेला राहत होता. त्याला कुणी विचारलं नाही की हे तुझ्या वयाला झेपेल का. निरागसपणा हा सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. ज्याच्या अंगावर पूर्वग्रह पडतो त्याला तो आधीच कळलेला असतो. आपल्या गोव्यातही देवळाच्या सेवेत बांधलेल्या कलावंत समाजातल्या मुलांना वडिलांचं नाव विचारलं की काय वाटत असेल, हे समजायला राजाराम पैंगीणकरांच्या आत्मचरित्राचं नुसतं नाव पुरेसं आहे: ‘मी कोण?’ १९६९ चं पुस्तक.  

अमेरिकेतही असंच झालं. हार्पर लीची १९६० ची ‘टु किल अ मॉकिंगबर्ड’ ही कादंबरी एका लहान मुलीच्या डोळ्यांनी काळ्या माणसावरचा खोटा खटला दाखवते, आणि तिचे वकील वडील वाचकांचे देव झाले. २०१५ साली त्याच लेखिकेचं आधी लिहिलेलं हस्तलिखित छापलं गेलं. त्यात मोठी झालेली तीच मुलगी घरी येते आणि वडील गोऱ्यांच्या वर्चस्वाच्या बैठकीला बसलेले पाहते. वाचक चिडले. मला वाटतं, मोठं होणं म्हणतात ते तिथं सुरू होतं. ज्यांनी आपल्याला चांगलं शिकवलं त्यांची आंघोळ आपल्याला दिसते, तिथं.

आता आपल्या या गावाकडे, मांद्र्याकडे येतो. इथं आज मोळीवाली दिसत नाही, गॅस आला. मुंडकारांना, म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांना, राहत्या घरातून काढता येऊ नये म्हणून १९७५ ला कायदा आला, आणि त्याच्या आधी, पेडण्यात जन्मलेल्या मुख्यमंत्री बांदोडकरांच्या काळात, गावोगाव शाळा निघून सगळी पोरं एका बाकावर आली. पण मोरजीपासून हरमलपर्यंत किनाऱ्यावर हॉटेलं उभी करायला जे हात आले, त्यांची पोरंही आता त्याच बाकांवर आहेत, आणि मधल्या सुट्टीत ‘घाटी’ हा हिणवणारा शब्द ऐकू येतो. सात वर्षांचं पोर तो शब्द शाळेत शोधून काढत नाही, घरून डब्याबरोबर आणतं. आणि ज्या घरातून तो येतो ती घरं वाईट नाहीत. चतुर्थीला त्याच मजुराच्या पोराला नेवऱ्या देणारी आहेत. देतात, आणि मग पोर बाहेरच उभं राहतं. मोळी उचलली जाते. आंघोळ चालूच आहे.

माझी तुमच्याकडे मागणी ही एकच, आणि तीही कटकट वाटेल इतकी एकच: दयेवर खूश होऊन थांबू नका. दया दाखवणाऱ्याला रात्री छान झोप लागते, हाच तिचा दोष. तुमच्यातले काही जण पुढं बी.एड. करून मराठी शिकवतील. तेव्हा पेपर काढताना शीर्षकाची समर्पकता एक वर्ष राहू द्या. असा प्रश्न घाला: ‘मोळी उचलून आल्यावर श्यामनं आंघोळ करायला नकार दिला असता, तर त्या संध्याकाळी घरात काय बोलणं झालं असतं?’ पाच गुण. नमुना उत्तर तुम्हाला कुठल्याच गाईडमध्ये मिळणार नाही.