शिकणाऱ्या मुलांचे अंग आणि मन



आपल्या गावची मुले-मुली आता कॉलेजात जातात. कोणी पुण्याला राहून शिकते. आपण शेतात राबतो, डेअरीला दूध घालतो आणि खोलीचे, खाणावळीचे पैसे धाडतो. पोराने शिकावे आणि सुखात राहावे, एवढीच आपली इच्छा. आज आम्ही त्या मुलांविषयीच चार गोष्टी सांगणार आहोत.

गावात मूल सकाळी उठून गुरे सोडते. विहिरीत पोहते. शेतात हातभार लावते. पुण्यात गेले की दिवसभर वर्गात बसणे. रात्री पुस्तक, नाही तर मोबाईल. अंगाला हालचाल म्हणून नाही. मग कित्येकांना झोप लागत नाही. वाचलेले ध्यानात राहत नाही. परीक्षा जवळ आली की छातीत धडधड होते. "माझ्याच्यानं हे जमायचं नाही," असे मनात येऊ लागते. पण घरी सांगायचे कसे? फोनवर ते म्हणते, "मी बरा आहे."

बैल महिनाभर दावणीला बांधून ठेवा. चारापाणी वेळेवर द्या. तरी तो मरगळतो. खरे की नाही? मग माणसाचे वेगळे कसे असेल?

अंग हलले की रक्त खेळते. श्वास मोकळा होतो. अंग दमले की झोप गाढ लागते. झोप झाली की मन ताजे होते, अभ्यासात लक्ष लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली याचे माप सांगितले आहे. मोठ्या माणसाने आठवड्यात निदान १५० मिनिटे अंग हलवावे. म्हणजे पाच दिवस, रोज अर्धा तास. भरभर चालले तरी चालते. त्याने शरीर सुधारते, तशी चिंता आणि उदासीही कमी होते.

लोकमान्य टिळकांचे नाव आपणां सर्वांना ठाऊक आहे. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकायला आले. तेव्हा त्यांची प्रकृती किरकोळ होती. त्यांनी ठरवले, आधी अंग कमवायचे. पहिले वर्ष त्यांनी कुस्ती, पोहणे, व्यायाम यांत घालवले. त्या वर्षी अभ्यास मागे पडला. पण पुढे गणित घेऊन ते पहिल्या वर्गात बी. ए. झाले. १९०८ ते १९१४ या काळात त्यांनी मंडालेचा तुरुंगवास सोसला. तिथेच बसून 'गीतारहस्य' लिहिले.

म्हणून मुलांनी वर्षभर पुस्तक बाजूला ठेवावे, असे आम्ही म्हणत नाही. रोजचा अर्धा तास पुरे.

त्याला पैसाही लागत नाही. पुण्यात पर्वती आहे. तिला १०३ पायऱ्या आहेत. सकाळी चढून उतरले की चांगला व्यायाम होतो. फर्ग्युसन कॉलेजच्या मागे हनुमान टेकडी आहे. जुन्या पेठांत तालमी आहेत. महाराष्ट्रीय मंडळ ही संस्था १९२४ साली निघाली. तिने पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या मुलांना व्यायाम शिकवला. मित्र बरोबर असले तर आणखी चांगले. चार माणसांत मन मोकळे होते.

आणि मुलींना विसरू नका. "पोरीच्या जातीला खेळ कशाला?" असे म्हणू नका. काळजी तिलाही असते. मोकळी हवा तिलाही हवी असते.

आपण आईबाप फोनवर काय विचारतो? "अभ्यास कसा चाललाय? किती मार्क पडले?" पोर खेळायला गेले म्हटले की रागावतो. यापुढे आणखी दोन गोष्टी विचारा. "झोप लागते का रे? आज चालून आलास का?" मग ते काय सांगते, ते शांतपणे ऐकून घ्या.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. व्यायाम हा सगळ्या दुखण्यांवरचा उपाय नव्हे. मूल दिवसेंदिवस खिन्न असेल, जेवत नसेल, जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलत असेल, तर "रोज चालत जा" म्हणून थांबू नका. लगेच त्याच्याजवळ जा. त्याला एकटे सोडू नका. डॉक्टरला दाखवा. सरकारने २०२२ साली 'टेली-मानस' ही सोय सुरू केली आहे. १४४१६ या नंबरावर फोन करावा. पैसे पडत नाहीत. मराठीत बोलता येते. यात लाज कसली? ताप आला तर आपण दवाखान्यात जातोच ना?

मंडळी, आज रात्री पोराला फोन कराल, तेव्हा मार्कांचे नंतर विचारा. आधी त्याचे स्वतःचे विचारा.