गाडीतले ओझे



विषय पोरखेळाचा आहे, हे आम्ही आधीच कबूल करतो. १९५३ साली कॅलिफोर्नियात बालवीरांसाठी लाकडी मोटारींची एक शर्यत सुरू झाली. मोटारीला इंजिन नाही; उतारावरून नुसती सोडायची. वजनाची मर्यादा ५ औंस, म्हणजे सुमारे १४२ ग्रॅम. मुले लाकूड कोरून गाडी हलकी करतात आणि मग धातू भरून तीच काट्यावर मर्यादेपर्यंत जड करतात!

जड आणि हलके बरोबरच पडते, हे गॅलिलिओचे म्हणणे खरेच. पण हवेचा अडथळा गाडीच्या वजनाने वाढत नाही. चाके फिरवण्याचा खर्चही तोच. जड गाडीला तो कमी जाणवतो.

वजन ठेवावे मागच्या चाकांच्या किंचित पुढे. सुरुवातीला गाडीची मागची बाजू उंचावर असते. ३० अंशांच्या उतारावर वजन २ सेंटिमीटर मागे घेतले, तर ते १ सेंटिमीटर अधिक उंचीवरून खाली येते. मात्र राजूरच्या गणपतीच्या टेकडीवर शर्यत लावून शेवटची रेघ उतारावरच आखली, तर हा लाभ नाही. रेघ पायथ्याच्या सपाटीवर हवी.

फार मागे नेले तर? गाडीवानाला विचारा. ओझे मागे पडले की गाडी उलाळ, पुढे पडले की धुरजड. खेळण्याला तर बैलांची मानही नाही. पुढची चाके हलकी झाली की ते कडेला घासते आणि कमावलेले घालवते.

शिसे मात्र विषारी. ते घरात वितळवू नये. लोखंडी वायसर चिकटवावेत.