वाडा जपताना बाजार हलवू नका
(बारामतीतील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पाहुण्यांना गावात काय दाखवायचं म्हटलं की आपण पटकन सांगतो: बाबूजी नाईकांचा वाडा, मोरोपंतांचं घर, कऱ्हेचा काठ. इंदापूरला मालोजीराजांची गढी, आणि भिगवणला उजनीच्या पाण्यावरचे रोहित पक्षी. हे सगळं जपलं पाहिजेच. वाड्यात वर्षानुवर्षं सरकारी कचेऱ्या होत्या, तेव्हा त्याच्या भिंतींकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

पण वाड्याची गोष्ट सांगताना बाया कुठं जातात? 1740 मध्ये पहिले बाजीराव वारले, तेव्हा पेशवेपदासाठी बाबूजी नाईकांचं नाव पुढं आलं होतं, हे सगळे सांगतात. बाजीरावांची सख्खी बहीण भिऊबाई ही याच घरची सून, बाबूजींच्या भावाची बायको. म्हणजे भाऊ गेल्याचं दुःख, आणि त्याची गादी भाच्याला मिळणार की दिराला, हा झगडा! तिचं नाव आधी किती जणींनी ऐकलं होतं? हात वर करा. बघा.

असो. भिऊबाईंच्या नावाची पाटी लावून घेता येईल, ते सोपं आहे. मला बोलायचंय ते बाजाराबद्दल.

जुनं गाव सुंदर करायचं ठरलं की फरशी येते, दिवे येतात, गाड्या लावायला जागा लागते. मग ‘अतिक्रमण’ म्हणून पहिली कोण दिसते? पाटी घेऊन बसलेली बाई. मागच्या महिन्यात मी बाजारात एका मेथीवालीजवळ तासभर बसले. सकाळी सहाला घर सोडलेली. म्हणाली, “ताई, पाणी पीत न्हाई मी. पिलं तर जायचं कुठं?” तिची सासू याच जागेवर बसायची. वाड्याला दोनशे वर्षांचा मान, आणि दोन पिढ्यांच्या या जागेला काहीच नाही?

कायद्यात आहे, बायांनो. 2014 चा पथविक्रेत्यांचा कायदा सांगतो की जिथं पन्नास वर्षांहून जास्त काळ विक्रेते बसत आलेत, असा नैसर्गिक बाजार वारसा बाजार म्हणून जाहीर करावा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये. मात्र हे आपोआप होत नाही. नगर पथविक्रेता समितीनं शिफारस करायची, नगरपरिषदेनं ठरवायचं. या समितीत विक्रेत्यांचे जे प्रतिनिधी असतात, त्यांतल्या एक तृतीयांश बाया हव्यात. आपल्या गावात ही समिती आहे का, तिच्यावर कोण आहे, हे आधी लेखी विचारू.

कागदाचा आग्रह मी का धरते? उजनीमुळे. धरण 1980 साली पुरं झालं, इंदापूर तालुक्यातलं जुनं पळसदेव पाण्याखाली गेलं. पाणी फार उतरलं की तिथलं देऊळ वर येतं आणि फोटो काढायला गर्दी होते. मोबदला मिळाला सातबाऱ्यावर नाव असलेल्याला, म्हणजे बहुतेक पुरुषालाच. शेतात राबलेल्या बाईचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. देऊळ निदान वर तरी येतं.

म्हणून बाजारवसुलीची पावती फेकू नका. ठेकेदाराचा माणूस पैसे घेऊन पावती देत नसेल, तर दोघी-तिघींनी मिळून मागा. एकटीला तो उडवून लावतो. घरात सासूच्या वेळची पावती, बाजारातला जुना फोटो असेल तर शोधा. म्हाताऱ्या बायांची बोलणी वहीत उतरवून त्यांचे अंगठे घेऊ. पुणे जिल्ह्याचं 1885 चं इंग्रजी गॅझेटियर ग्रंथालयात मिळतं, त्यात बाजारगावांची माहिती आहे. कॉलेजच्या मुलींनी आपल्या गावांची पानं उतरवून आणावीत.

आणि अर्जात दुसरी मागणी संडासाची. वाड्यापाशी पाहुण्यांसाठी बांधतील, तो बाजारच्या दिवशी भाजीवालीलाही उघडा पाहिजे, फुकट आणि पाण्यासकट. पुढच्या बैठकीला येताना पावत्या पिशवीत घालून आणा. अर्ज तिथंच लिहू.