मोजपट्टीच तपासू या



गुन्हेगारीशास्त्राच्या नियतकालिकांची प्रतिष्ठा विद्वान कशी ठरवतात, या विषयाशी कामगार चळवळीतल्या माणसाचा संबंध काय, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. संबंध पोटाचा आहे. निबंध कोठे छापला, यावर अमेरिकेत प्राध्यापकाची नोकरी कायम होते किंवा जाते. मापावर भाकरी अवलंबून असली की मोजपट्टी तपासायची, ही आमची जुनी खोड.

एक रीत कौलाची. त्या शास्त्रातल्या मंडळींनाच विचारायचे. अशा कौलांत ‘क्रिमिनॉलॉजी’ हे अमेरिकन त्रैमासिक हमखास वर असते. पण माणूस जे वाचतो, ज्यात स्वतः लिहितो, तेच थोर म्हणतो. तालमीतल्या पोराला वस्ताद कोणता चांगला, असे विचारल्यासारखेच हे!

दुसरी रीत मोजणीची. कोणत्या निबंधाचा आधार पुढे कोणी घेतला, याची सूची करावी, असे युजीन गारफील्ड यांनी १९५५ साली सुचवले. त्यातून पुढे ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ निघाला. मागल्या दोन वर्षांत छापलेल्या निबंधांचे यंदा जितके उल्लेख झाले, त्यांना निबंधांच्या संख्येने भागायचे. समजा निबंध शंभर आणि उल्लेख तीनशे. आकडा आला तीन. त्यातले दीडशे उल्लेख दोघांच्याच निबंधांचे असले, तरी भाव सगळ्यांना तोच. पीसरेटचा हिशेब मालकाने असा केला असता, तर आम्ही गेटवर सभा घेतली असती.

आणि दोनच वर्षे का? दक्षिण लंडनमधल्या ४११ मुलांचा माग केंब्रिजच्या संशोधकांनी १९६१ पासून काही दशके ठेवला. कोण गुन्ह्याकडे वळला, कोण कोणत्या वयात सुटला, हे असेच कळते. त्याला दोन वर्षांची पट्टी कशी पुरणार?

बरे, प्रतिष्ठा म्हणजे हमीही नव्हे. लॅटिनो आरोपीला शिक्षा देताना त्याचा वंश विचारात घ्यावा काय, यावरच्या लोकमताचा एक निबंध २०११ साली याच ‘क्रिमिनॉलॉजी’त आला. उत्तरे देणारे लोक छापले होते १,१८४. २०१९ साली एका सहलेखकानेच मूळ सामग्री तपासली, तर भरले ५००. निबंध पुढे मागे घेतला गेला. मधली आठ वर्षे तो त्या प्रतिष्ठेनिशीच उभा होता, आणि विषय होता माणसाच्या शिक्षेचा!

आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाची नियतकालिकांची ‘केअर’ यादी होती. २०२५ साली ती बंद झाली आणि पारख विद्यापीठांवर आली. सभेत प्राध्यापक मंडळी बसली आहेत, त्यांना माझे सांगणे एवढेच की, निवड समितीच्या सभासदाला उमेदवाराचे निबंध वाचायला किती दिवस मिळतात, हे आपल्या संघटनेमार्फत लेखी विचारा.