अण्वस्त्रांचा त्याग आणि त्यांची राखण
(ज्युबिलीच्या सभेंत दिलेलें भाषण)



शांतीसाठीं आपण नित्य प्रार्थना करितों. परंतु ती शांति कोणत्या कष्टांनीं साधते, याचा विचार आपण क्वचितच करितों. म्हणून आज आम्ही एका दूर देशाची हकीकत आपणांपुढें मांडीत आहों.

१९९१ सालीं सोव्हिएत संघ मोडला, तेव्हां कझाकस्तान या नव्या राष्ट्राच्या भूमीवर चौदाशें अण्वस्त्रें उरलीं. याच देशांत सेमिपालातिन्स्क येथें चाळीस वर्षें अणुस्फोट होऊन आसपासच्या लोकांनीं रोगराई भोगिली होती. राष्ट्रानें तें मैदान बंद केलें, आणि १९९५ च्या एप्रिलपर्यंत सर्व अस्त्रें रशियाकडे पाठवून दिलीं.

परंतु अस्त्रें गेलीं म्हणजे धोका टळला असें नव्हे. उस्त-कामेनोगोर्स्क येथील एका कारखान्याच्या वखारींत बाँबच्या उपयोगाचें सुमारें ६०० किलो युरेनियम पडून होतें. त्यांतून वीसएक बाँब झाले असते. आणि दाराला होतें एक साधें कुलूप! तो माल एखाद्या दहशतवादी टोळीच्या हातीं लागता, तर कोणत्या शहराची काय दशा होती? कझाक अधिकाऱ्यांनीं होऊन ही गोष्ट अमेरिकेस कळविली. १९९४ सालीं अमेरिकेच्या माणसांनीं सुमारें सहा आठवडे तेथें खपून माल डब्यांत भरला, आणि नोव्हेंबरांत तो विमानांनीं आपल्या देशीं नेला.

रशियानेंही १९९३ ते २०१३ या वीस वर्षांत अस्त्रांतील ५०० टन युरेनियम सौम्य करून अमेरिकेस विकलें. तें तेथील वीजगृहांत वापरलें गेलें. ज्यानें शहरें जळावयाचीं, त्यानेंच घरोघरीं दिवे लागले!

तथापि आजही जगांत सुमारें बारा हजार अण्वस्त्रें आहेत, आणि त्यांतील कांहीं आपल्या भारताचीं आहेत. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीं २०१९ सालीं हिरोशिमा येथें सांगितलें कीं, अशीं अस्त्रें वापरणेंच नव्हे, तर बाळगणेंही अनीतीचें आहे.

बंधुजनहो, करारावर सही करणें हें एका दिवसाचें काम. त्यानंतरचें मोजणें, राखणें व निकामी करणें हें वर्षानुवर्षांचें. त्या कामाला गाजावाजा नाहीं, म्हणून त्याचा खर्च व्यर्थ वाटूं लागतो, आणि राज्यकर्त्यांस त्याचा विसर पडतो. तो पडूं न देणें हें प्रजेचें कर्तव्य होय. शांतीसाठीं हात जोडणाऱ्या आपण सर्वांनीं हेंही विचारीत राहावें: त्या दारांवर कुलूप कसलें आहे, आणि पहाऱ्यास कोण आहे?