रोहित पक्षी आणि पट्टकृमी

दक्षिण फ्रान्समध्ये ऱ्होन नदी जेथे भूमध्य समुद्रास मिळते, त्या कामार्ग प्रदेशातील मिठागरांत वाकडी चोच उलटी बुडवून रोहित पक्षी जे बारीक जीव गाळून खातात, त्यांत आर्टेमिया हा जेमतेम 1 सेंटिमीटर लांबीचा कवचधारी वर्गातील जीव प्रमुख होय. रोहिताच्या आतड्यात वास्तव्य करणाऱ्या पट्टकृमीची अंडी विष्ठेवाटे त्याच पाण्यात उतरतात, आर्टेमिया ती गिळतो, आणि त्याच्या देहावर कृमीच्या डिंभाचा अंमल सुरू होतो. एरवी जवळजवळ पारदर्शक असणारा हा जीव मग तांबडा होतो; निरोगी व बाधित जीव काचेच्या पात्रात शेजारी ठेवले, तर हा फरक नुसत्या डोळ्यांसही जाणवतो. त्याची प्रजननशक्ती लोपते, आणि तो पृष्ठभागाजवळ स्वजातीयांच्या दाट थव्यात राहू लागतो. म्हणजे विचारशक्तीचा लवलेशही नसलेल्या या कृमीने आपल्या आश्रयदात्यास भक्षकाच्या चोचीत पोहोचविण्याची पुरी तजवीज केलेली असते, आणि निसर्गातील याहून विस्मयकारक व्यवस्था मला तरी ठाऊक नाही. रोहिताच्या पोटात गेल्यावर डिंभ आतड्याच्या भित्तिकेस चिकटतो, खंडाखंडांनी वाढतो, आणि अंड्यांनी भरलेले खंड यथाकाल पुन्हा मिठागरात पडतात.