ठरीव पेन्शन आणि वाढते भाव
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आज मी चार शब्द बोलावेत अशी मंडळाची आज्ञा झाली. मी सातवी शिकलेली, घरसंसार करणारी बाई. अर्थशास्त्र मला ठाऊक नाही. परंतु जिला दर महिन्याला वाण्याची यादी करावी लागते, तिला महागाई पुस्तकातून शिकावी लागत नाही. आज मी बोलणार आहे ती घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या महागाईविषयी. कमावत्या माणसाचा पगार थोडाफार तरी वाढतो, जोडीला एखादे काम धरता येते. निवृत्त माणसाचा आकडा मात्र एकदा ठरला की ठरला.

आपल्या सोलापुरात गिरणीत जन्म काढलेली माणसे गल्लोगल्ली आहेत. माझे मामंजी त्यांपैकीच. ते २००८ साली, अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. भविष्यनिर्वाह निधीच्या १९९५ च्या योजनेतून त्यांना महिना आठशेच्या आतच पेन्शन बसली. सप्टेंबर २०१४ पासून सरकारने या योजनेत कमीत कमी १,००० रुपये ठरविले, तेव्हा त्यांचे हजार झाले. पुढे २०२४ साल संपले तरी तो हजार हजारच होता, कारण या योजनेत महागाई भत्ता नाही. आमच्या शेजारचे गुरुजी सरकारी पेन्शनर. त्यांचा महागाई भत्ता जानेवारी आणि जुलै अशा दोन तारखांपासून वाढत असतो. गुरुजींचे बरे चालले आहे याचा आम्हांला आनंदच आहे. माझे विचारणे एवढेच की, बाजारात भाजीवाली गुरुजींना एक भाव आणि मामंजींना दुसरा भाव लावते काय?

आता थोडा हिशेब सांगते. भाववाढ दरसाल शेकडा चारच्या आसपास राहावी, असे रिझर्व्ह बँकेला २०१६ सालापासून उद्दिष्ट घालून दिलेले आहे. चार म्हणजे फार नव्हे असे वाटते. परंतु दरसाल शेकडा चारने वाढत गेले, तर अठरा वर्षांत भाव दुप्पट होतात. शेकडा सहाने वाढले, तर बारा वर्षांतच. म्हणजे सगळे अगदी ठरल्याप्रमाणे झाले, तरी अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालेल्या माणसाच्या रुपयाचे शहात्तराव्या वर्षी आठच आणे उरतात. आणि नेमक्या त्याच वयात औषधे वाढतात.

कोणी म्हणेल, फंडाच्या पैशाचे व्याज येते ना? येते. मामंजींनी तीन लाख रुपये बँकेत ठेवले. २०१३ साली शेकडा नऊने महिन्याला सव्वादोन हजार पडत. २०२० साली पावती बदलली तेव्हा दर सहावर आला आणि हाती दीड हजार येऊ लागले. भाव वर गेले आणि व्याज खाली आले, असा दोन्हीकडून मार.

औषधांचे सांगायचे तर, ज्या औषधांच्या किमतींवर सरकारचे नियंत्रण आहे, त्यांच्याही कमाल किमती एप्रिल २०२२ मध्ये शेकडा दहाहून अधिक वाढविण्यास परवानगी मिळाली. त्यानंतरची गोष्ट. महिनाअखेर मामंजींच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी निम्मी उरलेली मला दिसली. विचारले, तर म्हणाले, "दिवसाआड घेतो सूनबाई, चालते मला." न चालायला काय झाले! डॉक्टरांनी पुढे मापले तेव्हा रक्तदाब भलताच वाढलेला निघाला. म्हातारी माणसे मागत नाहीत, ती गुपचूप कमी करतात. आधी दुपारचा चहा जातो, मग फळ जाते, मग गोळी जाते. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरेच. पण अंथरूणच दरसाल आखडत गेले, तर पाय किती पोटाशी घ्यायचे?

सरकारने काहीच केले नाही असे मी म्हणणार नाही. एस. टी.त ७५ वर्षांवरील माणसांना २०२२ सालापासून तिकीट नाही. ७० वर्षांवरील माणसांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत इस्पितळाचा खर्च मिळू लागला. परंतु तो इस्पितळात दाखल झाल्यावर. रोजची गोळी त्यात येत नाही. श्रावणबाळ योजनेचे २०२३ साली महिना १,५०० रुपये झाले, म्हणून आम्ही चौकशी केली. तेव्हा कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला २१,००० च्या आत हवे असे कळले. पेन्शन आणि व्याज मिळूनच मामंजींचे तीस हजार होतात! म्हणजे सरकारच्या हिशेबी ते गरीब नाहीत.

भगिनींनो, १९७२ साली मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकर यांच्याबरोबर मुंबईच्या बायका लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर आल्या होत्या. आपणांपुढे मी तूर्त तीन साधी कामे ठेवते. एक, आपल्या गल्लीतल्या वृद्धांच्या औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन, डॉक्टरांना विचारून, जनऔषधी दुकानातून औषधे आणावीत. आमच्या घरचा औषधखर्च त्यामुळे निम्म्याहून खाली आला. दोन, सुगीच्या दिवसांत ज्वारी आणि तूरडाळ मंडळाने एकदम घेऊन वाटून घ्यावी. तीन, या पेन्शनीला महागाई भत्ता जोडावा, असा अर्ज आपण सर्वांच्या सह्यांनी खासदारांकडे पाठवावा.

शेवटी आपल्याविषयी. आपण जन्मभर राबतो, पण आपल्या कामाला पेन्शन नाही. या १९९५ च्या योजनेत नवऱ्यामागे बायकोला त्याच्या पेन्शनीच्या निम्मे मिळते. आणि २०१४ पासून तिलाही हजाराच्या खाली देत नाहीत. तेवढेही मिळायचे, तर कागदावर आपले नाव आणि जन्मतारीख बिनचूक हवी. तेव्हा घरी गेल्यावर मालकांच्या पेन्शनीचे कागद मागून घ्या आणि स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. त्यात लाजण्यासारखे काही नाही. ज्यांना वाचता येत नसेल, त्यांनी शनिवारी दुपारी मंडळात यावे. आम्ही वाचून दाखवू.